आखाजीच्या आधी जूनचे पैसे: घरखर्चाची आमची पद्धत

आमच्या घरी दरवर्षी एकच नाटक व्हायचं. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत सगळं मस्त, गावाकडच्या कापसाचे चार पैसे आलेले, यांचा पगार वेळेवर, हॉटेलात शेवभाजी खाऊन यायचो, कोणी काही मागितलं तर नाही म्हणायचो नाही. आणि एप्रिल लागला की धाडधाड सुरू. गहू भरायचे, दादर (आपली खान्देशी ज्वारी) भरायची, मसाला, वाळवण, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला नणंदा येणार, त्यात लग्नसराई, कूलर काढला की लाईट बिल डबल, आणि हे सगळं निस्तरेपर्यंत जूनमधे शाळेची फी नि वह्या-पुस्तकं उभीच, वर गावाकडून बियाण्यासाठी फोन. दरवर्षी जूनमधे कुणाकडून तरी उसने घ्यायचे आणि दिवाळीपर्यंत ते फेडत बसायचं. सासूबाई पारोळ्याकडच्या, त्या नुसतं एवढंच विचारायच्या, "पैसा कथा जास, व माय?" (पैसा जातो कुठे, गं बाई?) आणि मला खरंच उत्तर देता यायचं नाही.

खर्च कमी करा म्हटलं की सगळे चहा कमी करा, पेट्रोल कमी जाळा असं सांगतात. मी पण दोन वर्षं तेच केलं, साखर मोजून वापरली, पोरांच्या कुरकुऱ्यांवरून भांडले, हाती काही लागलं नाही. कारण आमचं घर महिन्याच्या खर्चाने अडत नव्हतंच, अडत होतं ते वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांनी, आणि ते सगळे आपल्याकडे एप्रिल ते जून या तीन महिन्यांतच येऊन पडतात. म्हणून मी जी पद्धत सांगतेय ती उलटीकडून सुरू होते. आधी वर्ष, मग महिना, मग रोजचं.

पहिलं काम: मागच्या वर्षाची उजळणी

एक दुपार काढा. बँकेचं पासबुक भरून आणा, मोबाईलमधली फोनपे-गुगलपेची हिस्ट्री उघडा आणि वहीच्या मागच्या पानावर फक्त असे खर्च लिहा जे दर महिन्याला होत नाहीत. किराणा, दूध, रिचार्ज सध्या सोडून द्या. आमची पहिल्या वर्षीची यादी अशी निघाली होती: दोन पोरांची शाळा, गणवेश, पुस्तकं मिळून २३,५००. गाडीचा सोडून बाकी विमा ११,८००. धान्य, मसाला, वाळवण २६,०००. दिवाळी १७,०००. लग्नातले आहेर आणि आखाजी मिळून १४,०००. गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ५,२००. घरपट्टी-पाणीपट्टी ६,७००. बेरीज १,०४,२००. मी तीनदा केली, कारण विश्वास बसेना, आपण तर काहीच उधळत नाही असं वाटत होतं. बाराने भागलं तर महिन्याला ८,६८३ रुपये. म्हणजे दर महिन्याला आपल्याला वाटायचं पैसे उरले, ते उरलेले नव्हतेच, ते जूनचे होते आणि आपण ते डिसेंबरात खाऊन टाकत होतो.

तुमची यादी वेगळी असेल. शेतीवरच घर असेल तर बियाणं-खत-मजुरीची वही वेगळीच ठेवा, ती घरखर्चात मिसळली की दोन्हीचा हिशोब जातो. आणि आहेराचा आकडा मनाने लिहू नका, घरात आहेराची जुनी वही असतेच, ती काढा, कुणाला किती देणं आहे ते त्यात दिसतं.

दुसरं काम: ते पैसे डोळ्यापुढून हलवा

नुसतं ठरवून काही होत नाही. दुसऱ्या बँकेत एक साधं सेव्हिंग खातं, त्याला ना एटीएम जवळ ठेवायचं ना यूपीआय जोडायचं. पगार झाला की दुसऱ्या दिवशी तिथे रक्कम जाते. एवढी मोठी रक्कम एकदम जमत नसेल तर अर्धी सुरू करा, आम्ही पण ४,००० वरून सुरुवात केली होती. ज्यांना खात्यातले पैसे दिसले की हात शिवशिवतात (आमचे हे त्यातले) त्यांनी सरळ बँकेत बारा महिन्यांची आरडी (दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची ठेव) उघडावी, आणि ती पुढच्या एप्रिलमधे सुटेल अशी एप्रिल महिन्यातच उघडावी.

ज्यांचं उत्पन्न हंगामी आहे, कापूस विकला की येतं, केळीचा घड कापला की येतं, त्यांनी महिन्याच्या भानगडीत पडूच नये. माल विकून पैसा हातात आला त्याच आठवड्यात यादीचा पूर्ण आकडा बाजूला काढायचा आणि उरलेल्याला पुढच्या हंगामापर्यंतच्या महिन्यांनी भागायचं. तेवढा तुमचा पगार. भाव चांगला लागला त्या वर्षी हे सगळ्यात अवघड जातं, कारण त्याच वर्षी नवी गाडी आठवते.

भिशीबद्दल विचाराल तर ओळखीच्या दहा-बारा जणींची असेल आणि नंबर एप्रिल-मेचा मिळत असेल तर चालेल. जास्तीचा परतावा देतो म्हणणाऱ्या भिशीत मात्र जाऊ नका. आमच्याच गल्लीत एक बुडाली, नाव घेत नाही.

तिसरं काम: एक महिना रोजचं लिहा, फक्त एकच

रोज आयुष्यभर हिशोब लिहिणाऱ्या बायकांना माझा नमस्कार, मला जमत नाही. पण वर्षातून एक महिना, सण नसलेला, मी सगळं लिहिते. तीनच रकाने: घ्यावंच लागलं, घेतलं तर बरं, आणि का घेतलं देव जाणे. तिसरा रकाना वाचताना लाज वाटते पण तिथेच सापडतं. आमच्याकडे त्यात दोन गोष्टी निघाल्या, एक म्हणजे बघत नसलेल्या दोन ॲपचे दर महिन्याला आपोआप कटणारे पैसे, आणि दुसरं, संध्याकाळी दूध आणायला गेलेलं माणूस दुधासोबत ऐंशी-शंभरचं काहीतरी आणायचंच. त्यावर उपाय एकच चालला. यूपीआय एका वेगळ्या खात्याला जोडलं आणि त्यात दर सोमवारी २,५०० टाकायला लागलो. भाजी, दूध, पेट्रोल, किडूकमिडूक सगळं त्यातच. शुक्रवारी बॅलन्स १४० दिसला की माणूस आपोआप शहाणा होतो, कुणाला बोलावं लागत नाही.

धान्य, डाळ, मसाला: इथे नीट वेळ द्या

खरी बचत मला इथे सापडली, आणि नुकसान पण इथेच झालं, म्हणून जरा सविस्तर.

प्रत्येक वस्तूचा आपला महिना असतो. तूर हिवाळ्यात निघते, म्हणून डाळ साधारण फेब्रुवारी-मार्चमधे बघायची, जळगावला तर डाळमिलच एवढ्या आहेत की ओळखीने चार घरं मिळून कट्टा घेतला तर किरकोळ दुकानापेक्षा किलोमागे चांगला फरक पडतो. दादर आणि गहू मार्च-एप्रिलमधे. लाल मिरची पण उन्हाळ्याच्या तोंडावर, नंदुरबारकडे कुणी नातेवाईक असेल तर तिथूनच मागवा, मिरचीचा बाजार तिथला. धणे, खोबरं, बाकी खडा मसाला घेताना दाणाबाजारात तीन दुकानं फिरा आणि भाव वहीत लिहून आणा, पुढच्या वर्षी कामाला येतो.

किती भरायचं? आम्ही चार मोठे-दोन लहान. गहू दीड क्विंटल, दादर साठ किलो, तूरडाळ तीस किलो. हा आकडा एकदम नाही सापडला. रिकाम्या डब्यावर भरल्याची तारीख खडूने लिहायची आणि संपल्याची पण लिहायची, दोनदा केलं की घराचं माप कळतं.

आता नुकसान. पहिल्या वर्षी उत्साहात हरभराडाळ, मूगडाळ, बेसन, सगळंच वर्षाचं भरलं. पावसाळ्यात बारा किलो हरभराडाळीला भुंगे लागले, चाळून-निवडून निम्मी वाचली, बाकी गावाकडे गुरांना गेली. वाचवलेले पैसे त्यातच गेले. तेव्हापासून नियम असा की गहू, ज्वारी, तूरडाळ, मिरची एवढंच वर्षाचं, बाकी डाळी दोन महिन्यांच्या, पीठं पंधरा दिवसांची.

भरण्याची पद्धत: गव्हाला दोन दिवस कडक ऊन द्यायचं. दाणा दाताखाली धरून बघा, कट्कन आवाज करून तुटला तर वाळला, दबला तर अजून ओल आहे. उन्हातून उचलून गरम गरम कोठीत भरायचं नाही, ही चूक फार जण करतात, रात्रभर घरात पसरून पूर्ण थंड होऊ द्या आणि सकाळी भरा, नाहीतर आत घाम सुटतो. कडुनिंबाचा पाला सावलीत खडखडीत वाळवून थराथराला टाका. तूरडाळीला एरंडेल चोळायचं पण हाताला लागेल एवढंच, डाळ चकचकायला लागली म्हणजे जास्त झालं. कोठी काठोकाठ भरा, वर जितकी हवा कमी तितकं बरं. आणि बाजारात धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या मिळतात त्या राहत्या घरात अजिबात नको, त्यांचा वायू जीव घेतो.

बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, उडदाचे पापड यांचा हिशोब मी एकदा मांडून बघितला. घरी केले तर विकतच्या निम्म्यात पडतात, पण त्यात माझ्या चार पहाटा धरल्या नाहीत. गल्लीतल्या बायका मिळून करणार असाल तर करा, गप्पा फुकट. एकटीने करत असाल आणि शिवणकाम, ट्युशन असं काही कमावत असाल तर बचत गटाकडून विकत घ्या, त्यात कमीपणा काही नाही. सासूबाईंना हे पटत नाही, असो.

महिन्याच्या किराण्यात दोनच गोष्टी बघते. एक, तेलाच्या पाकिटावर वजन. दिसायला सगळी पाकिटं लिटरचीच वाटतात, पण एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं आणि काही पाकिटं त्याहून बरीच कमी असतात, मग स्वस्त कसली. आता पाकिटावर ग्रॅमला किंवा मिलीला किती पडतं तो भाव पण बारीक अक्षरात छापतात, तो बघून तुलना करा, "२० टक्के जादा" वगैरे विसरा. दुसरं, तेलाच्या बरणीला चार पट्ट्या चिकटवल्यात, एक पट्टी एक आठवडा. शनिवारीच पट्टी गाठली तर रविवारी भजी नाहीत.

भाजी आणि गॅस

आषाढ-श्रावणात भाजी महाग झाली की लोक रडतात, आणि आपलं खान्देशी जेवण तर बिनभाजीच्या दिवसांसाठीच बनलंय. पातोड्यांची भाजी, डुबुकवडे, फौजदारी डाळ, शेवभाजी, कळण्याची भाकरी आणि ठेचा, यात बाजारची भाजी कुठे आहे? आम्ही आठवड्याचे दोन वार बिनभाजीचे ठरवून टाकलेत, पोरं खुश, कारण शेवभाजी. उलट हिवाळ्यात वांगी, मेथी, मटार स्वस्त असतात तेव्हा हात सोडून खा, थंडीत भरीत पार्टी नाही केली तर काय उपयोग इथे राहून. पऱ्हाट्यांवर (कापसाच्या वाळक्या काड्यांवर) वांगी भाजली की गॅस पण वाचतो, हा आपला सोयीचा युक्तिवाद.

आठवडे बाजारात उठायच्या वेळेला भाव पडतो हे खरं, पण तेव्हा पालेभाजी घेऊ नका, कांदे-बटाटे-गंगाफळ-दुधी असं टिकणारं घ्या. आणि फ्रीजमधे भाजी कुजत असेल तर स्वस्तात आणून उपयोग शून्य.

गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो. टाकीवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं, त्यात १४.२ मिळवा आणि डिलिव्हरीवाल्या भाऊंना काटा लावायला सांगा, तो तुमचा हक्क आहे, त्यांना राग येत नाही, आला तरी येऊ द्या. लावल्याची तारीख टाकीवर किंवा कॅलेंडरवर लिहा. आमची टाकी २६ दिवसांवरून ३४ वर गेली ती एवढ्याने: डाळ-तांदूळ अर्धा तास भिजत टाकायचे, कुकरला शिट्टी झाली की गॅस बारीक, फ्रीजमधलं दूध बाहेर काढून मगच तापवायचं आणि ज्योत पिवळी दिसली की बर्नर साफ. भाजी करताना झाकण. बस.

लाईट बिल

जळगाव-भुसावळचं ऊन सांगायला नको, मे मधे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा कूलर बंद ठेवा असं सांगणारा माणूस पुण्याचा असावा. पण बिल वाचायला शिका. महावितरणचे घरगुती टप्पे आहेत: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, मग ३०१ ते ५००, आणि त्यापुढे. शंभर ओलांडलं की पुढच्या युनिटचा दर साधारण दुपटीच्या घरात जातो, आणि वर इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्क लागतं. म्हणजे वाचवलेलं युनिट नेहमी तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यातलं असतं. बऱ्याच जणांना वाटतं ३०१ झाले की सगळेच युनिट महाग दराने लागतात, तसं नाही, फक्त वरचे लागतात.

एक युनिट म्हणजे १००० वॅटची वस्तू एक तास. यावरून घरातल्या प्रत्येक वस्तूचं गणित मांडता येतं. जुना पंखा साधारण ७५ वॅट, नवा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. उन्हाळ्यात पंखा दिवसाला १६ तास तर फिरतोच, म्हणजे ४५ गुणिले १६, दिवसाला ७२० वॅट-तास, महिन्याला एकवीस-बावीस युनिट, एका पंख्यामागे. पंखा तीन हजाराच्या आसपास येतो, थंडीचे महिने बंद धरले तरी दोन वर्षांत वसूल. सगळे एकदम बदलू नका, जो सगळ्यात जास्त फिरतो तो आधी. गिझर २००० वॅटचा, अर्धा तास चालला की एक युनिट, तो विसरून चालू राहतो तेव्हा पोटात गोळा येतो.

कूलरचं एक सांगते. कूलर खोलीच्या आत ठेवून दारं-खिडक्या लावून बसतात आणि मग दमट होतं म्हणून एसी घ्यायला निघतात. कूलर खिडकीबाहेर हवा आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी, हवा बाहेर पडली तरच गारवा येतो. गवताच्या जाळ्या दरवर्षी बदला, दोन-तीनशेत काम होतं. आम्ही हे कळायच्या आधी एसीचं कोटेशन आणून बसलो होतो.

फ्रीजच्या दारात कागद धरून दार लावा, कागद सहज ओढला गेला तर रबर गेलंय, ते बदला. टीव्हीचा सेटटॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी थोडी वीज खातोच, भिंतीवरचं बटण बंद करा. कागदी बिल बंद करून गो-ग्रीन घेतलं तर बिलामागे १० रुपये सूट आहे, आणि बिल लवकर भरलं तर अजून थोडी. थेंबे थेंबे आहे, पण आपोआप आहे.

भरभर काही गोष्टी

बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या असतील तर जनऔषधी केंद्रात भाव बघाच. डॉक्टरांना सांगायचं की औषधाचं मूळ नाव लिहून द्या, मग केंद्रात तेच नाव, तेच मिलिग्रॅम मागायचं. मनाने गोळी बदलायची नाही.

लग्नाला जायला चारचाकी भाड्याने करण्याआधी एसटीचा हिशोब करा. बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना पण अर्धं आणि ७५ च्या पुढच्यांना फुकट. आमच्या घरातून पारोळ्याला पाच जण गेलो तर पूर्ण तिकीट फक्त यांचंच लागतं, आणि ते दर वेळी हे बोलून दाखवतात.

रेशनकार्डावर धान्य मिळत असेल तर लाजून सोडू नका, अंगठा लावून घेऊन या.

हप्ते आणि सोनं

हप्त्यावर एकदाच हात पोळलाय. फ्रीज घेतला, "झीरो कॉस्ट" होता, दुकानाचं नाव नको. महिनाभराने नणंदेने तोच फ्रीज तिथूनच रोख घेतला तर तिला २,२०० कमी पडले. आमची "झीरो कॉस्ट" म्हणजे तिला मिळालेली सूट आम्हाला न मिळणं, वर प्रोसेसिंग फी वेगळी. तेव्हापासून आधी रोखीचा शेवटचा भाव विचारते, तो लिहून घेते, आणि मगच हप्त्याचं तोंड उघडते. कुठल्याही मोठ्या वस्तूसाठी मी आता उलटा हप्ता भरते, घेण्याआधी सहा महिने तेवढी रक्कम बाजूला टाकते. निम्म्या वस्तूंची तोपर्यंत गरजच संपते.

सोनं हा खर्च की बचत यावर जळगावात वाद घालू नये. एवढंच, की आखाजीच्या मुहूर्ताला गर्दीत घेताना मजुरी कुणी विचारत नाही आणि खरा फरक तिथेच असतो, त्यामुळे दोन-तीन पेढ्यांवर त्याच वजनाच्या दागिन्याची मजुरी विचारा, घासाघीस होते. हॉलमार्कसोबत सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी असतो, तो बीआयएस केअर ॲपमधे टाकून बघा, दुकानात उभं राहूनच. आणि बचत म्हणूनच घेत असाल तर नक्षीकाम कमी असलेलं घ्या, मोडताना मजुरी परत येत नाही.

या सगळ्याला आम्हाला रुळायला पहिलं वर्ष गेलं. जूनमधे पहिल्यांदा कुणाकडे उसने मागितले नाहीत ते दुसऱ्या वर्षी. गेल्या आखाजीला आरडी सुटली, धान्य भरलं, नणंदांच्या साड्या झाल्या, आमरस-पुरणपोळ्या झाल्या, शाळेचे पैसे वेगळे काढले आणि तरी ३,१०० उरले. सासूबाई म्हणाल्या चांदीचं काहीतरी घे, हे म्हणाले मोबाईलला भर घालू. मी बीएलडीसी पंखा आणला आणि सासूबाईंच्या खोलीत लावला, कारण घरात सगळ्यात जास्त फिरतो तो त्यांचाच. आता त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला रिमोटने पंखा कमी-जास्त करून दाखवतात.